लेखांकन आणि वित्त नियोजन: नव्या सहकाऱ्यास सल्ला

लेखाविभाग असताना नियोजनासाठी वेगळा माणूस कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. लेखांकन झालेल्या व्यवहारांची पुराव्यानिशी नोंद ठेवते, तर नियोजन त्याच नोंदींवरून पुढे पैसा कधी येईल आणि कधी लागेल याचा अंदाज बांधते.

समजा, मार्चअखेर १० लाखांची उधार विक्री झाली. उपार्जन पद्धतीनुसार, म्हणजे पैसे हाती येण्याची वाट न पाहता व्यवहार झाला तेव्हाच नोंद करण्याच्या पद्धतीनुसार, ते उत्पन्न मार्चमध्येच जमा धरले जाते. पण ग्राहक ९० दिवसांनी पैसे देणार असेल आणि पगार, भाडे व पुरवठादारांची देणी मिळून दरमहा ३ लाख जात असतील, तर वहीत नफा दिसत असूनही तीन महिन्यांच्या ९ लाखांची तरतूद आधीच करावी लागते. घसाऱ्याचे, म्हणजे यंत्रे, वाहने अशा मालमत्तेच्या किमतीत वापराने होणाऱ्या घटीचे, नेमके उलटे असते: तो खर्च म्हणून दिसतो, मात्र त्यापोटी रोकड बाहेर जात नाही.

म्हणून सुरुवातीचे काही महिने बँक जुळवणी, म्हणजे आपल्या वहीतील नोंदी बँकेच्या खातेउताऱ्याशी ताडून पाहणे, स्वतः करा (काम कंटाळवाणे आहे, हे मान्य), थकीत येण्यांची मुदतवार यादी दर आठवड्याला पाहा आणि मगच अंदाजपत्रकाला हात घाला. प्रत्यक्ष आकडे अंदाजापेक्षा वेगळे आले, तर जुना अंदाज पुसू नका. फरकाचे कारण त्याच्याशेजारी लिहून ठेवा.