इंजिनाच्या पाटीवरची उठावाची अक्षरं
भाऊ, जुन्या डिझेल इंजिनाची पितळी पाटी रंगवताना एकेक अक्षर टाळून रंगवत बसू नको. अक्षरांसकट पूर्ण पाटी रंगव. त्याआधी मात्र खाचांतलं तेल थिनर अन् टूथब्रशनं पार काढ, नाहीतर रंग पापडासारखा सुटतो. इनॅमल रंग पातळ करून कोपऱ्यांत वाहू दे. आपल्या विदर्भाच्या उन्हात वरून साय धरते, आत ओलाच राहतो. म्हणून सकाळी, सावलीत. दोन-तीन दिवस वाळू दे. मग 600 नंबरचा पॉलिशपेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून पाण्यासोबत हलका फिरव, म्हणजे फक्त उठावाच्या अक्षरांवरचा रंग निघतो. नुसत्या बोटानं घासू नको. बोट खाचेत दबतं अन् अक्षराच्या कडेचा रंग निघतो; माझी पहिली पाटी अशीच गेली, फार वाईट वाटलं होतं. पितळ चमकलं की त्याच दिवशी वरून पारदर्शक लॅकर मार.