हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

प्रश्न : मी ३१ वर्षांची आहे. आयटीत नोकरी करते. लग्न करायचं नाही, हे घरी केव्हाच सांगितलं आहे. आता नोकरीही सोडायची आहे. मी, एक मैत्रीण आणि एक मित्र मिळून कोकणात शेतजमीन घेऊन तिथेच राहायचं आणि शेती करायची असं ठरवतोय. वडील म्हणतात, ‘जायचं तर जा, पण आधी गावच्या जमिनीचं हक्कसोडपत्र भावाच्या नावे करून दे, आणि आमच्या फ्लॅटवर कधी हक्क सांगणार नाही असं स्टॅम्पपेपरवर लिहून दे.’ नाहीतर पेपरात संबंध तोडल्याची नोटीस देऊ, पोलिसांत हरवल्याची तक्रार करू, असं ते म्हणतात. काकांनी तर ‘हिला मानसोपचाराच्या दवाखान्यात दाखल करा’ असंही सुचवलं. माझ्या शैक्षणिक कर्जाचे चार लाख बाकी आहेत आणि वडील सहकर्जदार आहेत. कंपनीच्या दोन वर्षांच्या बाँडचे पाच महिने उरलेत. मला जमिनीचा मोह नाही. सही करून मोकळं व्हावं असं वाटतं. करू का?

उत्तर : सही करू नका. निदान आत्ता, या कारणासाठी तर नकोच.

मोह नाही हे तुमचं म्हणणं मी मानते. पण ज्या जगण्यासाठी तुम्ही घर सोडताय, ते उभं करायला जो हक्क लागणार आहे, नेमका तोच सोडून द्यायला तुम्हाला सांगितलं जातंय. हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही, आणि तुमच्या वडिलांच्याही आलं नसावं.

कोकणासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला १९४८ चा कुळकायदा लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस घेता येत नाही, भाडेपट्ट्यानेही घेता येत नाही. असा व्यवहार अवैध ठरतो आणि जमीन सरकारजमा होण्याची वेळ येऊ शकते. शहरात वाढलेली, आयटीत काम करणारी तुमच्यासारखी मुलगी शेतकरी ठरते ती घरच्या जमिनीतल्या हिश्श्यामुळे. खरेदीखत नोंदवताना आणि पुढे फेरफार (मालकी बदलल्याची महसुली नोंद) मंजूर होताना तुमचं नाव असलेला सातबारा किंवा आठ-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) मागितला जातो. हक्कसोडपत्र नोंदवलंत की तो आधार गेला. त्यानंतर कोकणातली जमीन घ्यायला जाल, तेव्हा कायद्याच्या नजरेत तुम्ही शेतकरी राहिलेल्या नसाल.

आता तुमचा हक्क नक्की कशात आहे ते पाहू. तुमच्या कुटुंबाला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे असं धरून सांगते. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी वाटेकरी आहे. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी हे आणखी स्पष्ट केलं. लग्न केलं की नाही, नोकरी टिकवली की सोडली, कुणाबरोबर राहता, यातल्या कशावरही हा हक्क अवलंबून नाही. सातबाऱ्यावर आज फक्त वडिलांचं नाव असलं तरी तेवढ्याने तुमचा हिस्सा बुडत नाही. सातबारा हा महसुली नोंदीचा कागद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही.

पण ‘गावची जमीन’ म्हणजे वडिलोपार्जितच असं गृहीत धरू नका. आजोबांनी ती स्वतःच्या कमाईतून घेतली असेल आणि १९५६ नंतर ते मृत्युपत्र न करता वारले असतील, तर वडिलांच्या वाट्याला आलेली जमीन त्यांची स्वतंत्र मिळकत मानली जाते. चंदर सेन खटल्यापासून, म्हणजे १९८६ पासून, न्यायालयांची हीच भूमिका आहे. तसं असेल तर वडील हयात असताना तुमचा तिच्यात हिस्सा नाही. उलट ती पणजोबांपासून वाटणी न होता चालत आली असेल, तर तुमचा हिस्सा पक्का आहे. याचं उत्तर जुन्या फेरफारांत मिळतं. तलाठी कार्यालयातून सातबारा, आठ-अ आणि मागे जाता येईल तितके फेरफार उतारे काढा. भांडण न करता, कुणालाही न विचारता हे करता येतं. माझ्या मते तुमचं पहिलं काम हेच.

फ्लॅटची गोष्ट वेगळी. तो वडिलांच्या कमाईचा असेल तर ते तो हव्या त्या व्यक्तीला मृत्युपत्राने देऊ शकतात आणि तुम्हाला त्यात अडवता येणार नाही. हे मनाला लागेल, पण तो त्यांचा अधिकार आहे. मात्र वडील हयात असताना ‘पुढे वारस म्हणून मिळेल तो हक्क मी सोडते’ असं लिहून घेण्याला सहसा अर्थ नसतो. वारसाहक्काची नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही, असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६ सांगतं. फक्त एक सांभाळा. त्या लिखाणाच्या बदल्यात पैसे घेतलेत, तर पुढे तेच लिखाण तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं.

जमिनीच्या हक्कसोडपत्राला अशी पळवाट नाही. ते दुय्यम निबंधकांसमोर नोंदवावं लागतं. तिथे तुमचा फोटो आणि अंगठा घेतात, मजकूर मान्य आहे ना असं विचारतात. नंतर दबावाखाली सही केली म्हणायचं तर ते तुम्हाला सिद्ध करावं लागेल, आणि रद्द करून घेण्याच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते. भावाला द्यायचंच असेल तर पुढे कधीही देता येईल. आज घरात शांतता हवी असेल तर सरळ वाटणीचा प्रस्ताव ठेवा. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून वाटप होतं आणि तुमच्या हिश्श्याचा सातबारा तुमच्या नावाने होतो. भावाला जास्त हवं असेल तर थोडा हिस्सा तुमच्याकडे ठेवून बाकीचा त्याला द्या. त्या छोट्या तुकड्यानेही तुमचं शेतकरीपण शाबूत राहील. तुकडेबंदी कायद्यात तुमच्या जिल्ह्याला लागू असलेलं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, किती, एवढं आधी विचारून घ्या.

तुमच्या योजनेतली दुसरी अडचण तुम्ही विचारलेलीच नाही, पण मला तिची जास्त काळजी वाटते. मैत्रीण आणि मित्र शेतकरी आहेत का? नसतील तर खरेदीखतात त्यांची नावं घालता येणार नाहीत. मग लोक सर्रास काय करतात, तर पैसे तिघांचे आणि नाव एकीचं. हा बेनामी व्यवहार होऊ शकतो. १ नोव्हेंबर २०१६ पासून कडक झालेल्या कायद्यात त्यासाठी १ ते ७ वर्षांची सक्तमजुरी आणि मिळकतीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे, शिवाय जमीन जप्त होते ते वेगळंच. आणि समजा कुणाला कळलं नाही, तरी पाच वर्षांनी मित्राला बाहेर पडावंसं वाटलं तर त्याच्या हाती काहीही नसेल. आयुष्याची पुंजी विश्वासावर टाकणाऱ्या माणसांचे वाद मी कोर्टात पाहिले आहेत. ती एकमेकांचं वाईट चिंतणारी नव्हती. त्यांच्याजवळ कागद नव्हता, इतकंच.

याला सरळ वाटा आहेत. शेतजमीन तुम्ही स्वतःच्या पैशाने स्वतःच्या नावावर घ्यावी. बाकी दोघांनी अवजारं, विहिरीवरचा पंप, जनावरं, रोपवाटिका अशा धंद्याच्या भांडवलात पैसे घालावेत आणि त्याची भागीदारी लेखी असावी. बाहेर पडणाऱ्याचा हिशेब कसा होईल हे तिच्यात आधीच लिहा. राहत्या घरासाठी बिगरशेती प्लॉट घेतलात तर तिघांची नावं मोकळेपणाने लागू शकतात, कारण तिथे कलम ६३ ची अट येत नाही. आधी वर्षभर भाड्याच्या घरात राहून पाहणार असाल तर लिव्ह अँड लायसन्स करारात तिघांचीही नावं घाला आणि तो नोंदवून घ्या. लग्न न केलेल्या सज्ञान माणसांनी एका छपराखाली राहण्याला महाराष्ट्रात कुठल्याही कायद्याची बंदी नाही.

काकांच्या बोलण्याने तुम्ही घाबरला आहात हे पत्रातून जाणवतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ३ मध्ये साफ लिहिलंय की समाजात रूढ असलेल्या नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा कामाविषयीच्या मूल्यांप्रमाणे एखादी व्यक्ती वागत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक आजार आहे असं ठरवता येत नाही. नोकरी सोडणं आणि लग्नाला नकार देणं या दोन्ही गोष्टी त्यात येतात. संमतीशिवाय दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं आणि जिवाला धोका किंवा स्वतःची काळजी घेता न येणं अशी ठोस कारणं लागतात. स्त्री रुग्णाच्या बाबतीत ३ दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवणं बंधनकारक आहे. पण याच कायद्यात एक फट आहे. दाखल करण्याचा अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधी करतो, आणि तुम्ही कुणाला नेमलं नसेल तर ती जागा नातेवाइकांकडे जाते. म्हणून साध्या कागदावर, सही करून, तुमच्या मैत्रिणीला प्रतिनिधी नेमा. कलम १४ तशी मुभा देतं. हे आजच्या आज होण्यासारखं आहे.

हरवल्याच्या तक्रारीचं फार दडपण घेऊ नका. घर सोडण्याच्या दिवशीच जवळच्या पोलीस ठाण्याला ईमेल आणि स्पीड पोस्टाने कळवा की मी सज्ञान आहे, स्वखुशीने अमुक ठिकाणी राहायला जात आहे, माझा हा नंबर. पोलिसांनी बोलावलं तर जाऊन जबाब द्या. तुम्हाला घरी परत पाठवण्याचा अधिकार त्यांना नाही. सज्ञान मुलीने कुठे राहायचं हे तिचं तीच ठरवेल, न्यायालयाने तिचं पालक होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने सोनी गेरी खटल्यात २०१८ मध्ये सांगितलं आहे. आणि तुम्हाला कुणी खोलीत कोंडलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली तो गुन्हा आहे, कोंडणारे आई-वडील असले तरी. पेपरातल्या नोटिशीने वारसाहक्क जात नाही, रक्ताचं नातंही कायद्याने तुटत नाही.

आई-वडिलांच्या पोटगीचं कर्तव्यही तसंच तुटत नाही. हक्क सोडून दिला म्हणजे जबाबदारीतूनही सुटलो असं अनेक मुलींना वाटतं. पण विजया अरबट खटल्यात १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीवरही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी असते असं ठरवलं. आई-वडील स्वतःच्या उत्पन्नात भागवू शकत नसतील आणि तुमच्याकडे पुरेसं साधन असेल, तर ते तुमच्याकडे मागू शकतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरण महिना १० हजार रुपयांपर्यंत देण्याचा आदेश करू शकतं. म्हणजे वडील मांडत असलेल्या सौद्यात तुमचा हक्क जातो आणि कर्तव्य मात्र उरतं. त्यांच्याशी बोलताना हे शांतपणे सांगा. ‘हिस्सा भावाला आणि म्हातारपणही भावाकडे’ असा त्यांचा समज असेल, तर म्हातारपणात तुमचाही वाटा राहणार आहे हे ऐकून त्यांचा सूर कदाचित बदलेल.

तुम्ही एकट्या राहणार असाल तर मृत्युपत्र करून ठेवा. ते न करता अविवाहित, मूल नसलेली हिंदू स्त्री वारली तर तिची स्वकष्टाची मिळकत आधी आई-वडिलांकडे आणि ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे जाते. तुमच्या बाबतीत भावाकडे. ज्या मैत्रिणीने बरोबरीने शेत राबवलं तिला काहीच मिळणार नाही. बँकेत तिला नॉमिनी केलं म्हणून भागत नाही, नॉमिनी हा रक्कम सांभाळणारा असतो, मालक नव्हे. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार पुरतात, फक्त ते लाभार्थी नसावेत.

उरलं कर्ज आणि बाँड. या दोन्ही बाबतीत मी तुमच्या बाजूने फार बोलू शकत नाही. वडील सहकर्जदार आहेत म्हणजे तुमचा हप्ता थकला की बँक थेट त्यांच्याकडे वसुलीला जाईल. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि दोघांचाही पतइतिहास बिघडतो. शेतीचं उत्पन्न पहिल्या वर्षी सुरू होईल असं धरून चालू नका. निदान दीड वर्षाचे हप्ते वेगळ्या खात्यात बाजूला काढल्याशिवाय राजीनामा देऊ नका. बाँड म्हणजे वेठबिगारी, कोर्टात टिकत नाही, असं मित्रमंडळी सांगतील. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या खटल्यात ३ वर्षांच्या सेवेची अट आणि २ लाखांची भरपाई योग्य ठरवली आहे. खाजगी कंपनीला किती नुकसान झालं यावर वाद घालता येतो, कारण करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते. पण पाच महिन्यांसाठी तो वाद अंगावर घेऊ नका. ते पाच महिने नोकरी करा, पगारातून हप्ते साठवा. तेवढ्या काळात फेरफार उतारेही हाती येतील. ते आले की मला दाखवा. जमीन वडिलोपार्जित निघाली आणि वडील वाटणीला तयार नसतील, तर दावा कसा आणि कुठे लावायचा ते तेव्हा सांगेन.