ग्रेपचा 'आस'

देवगडकडचे एक आंबा बागायतदार विचारतात: "ग्राहकांच्या जुन्या ईमेल एमबॉक्स फायलीत, म्हणजे सगळ्या मेल एकाखाली एक साठवणाऱ्या फायलीत, आहेत. टर्मिनलवर ग्रेप हा ओळी शोधणारा प्रोग्रॅम चालवून त्यातून ऑर्डरी काढतो. मुलगा म्हणतो, 'बाबांनी मेलचा शोध लावला.' हे बरोबर का? ग्रेप करण्याला आणि काय शोधायचं ते सांगायला त्याला देतो त्या पॅटर्नला मराठीत काय म्हणावं?"

मुलाला आजच थांबवा. शोध लावतात तो आधी कुणाला ठाऊक नसलेल्या गोष्टीचा. हरवलेल्या गोष्टीचा शोध घेतात, आणि नशीब असेल तर तो लागतो. तुमची मेल तुमच्याच फायलीत पडून होती, तिचा शोध कसला लावता? बातम्यांतही हल्ली "पोलिसांनी गाडीचा शोध लावला" ऐकू येतं आणि दरवेळी कान किटतात.

ग्रेप ही मुळात एक आज्ञा. युनिक्स या संगणकप्रणालीत मजकूर लिहिण्या-बदलण्याचा 'ईडी' नावाचा प्रोग्रॅम आहे. त्यात जी, मग दोन तिरक्या रेघांमध्ये आरई (रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे पॅटर्न), मग पी असं लिहिलं, की पॅटर्नशी जुळणाऱ्या फायलीतल्या सगळ्या ओळी छापल्या जात. १९७३ च्या सुमारास केन थॉम्पसन यांनी तेवढंच काम करणारा वेगळा प्रोग्रॅम केला आणि जी-आरई-पी या आज्ञेचंच 'ग्रेप' हे नाव त्याला पडलं. आपल्याकडे त्याला 'चाळणे' चालेल. वही चाळतो, कागद चाळतो, तशा मेल चाळायच्या.

आता पॅटर्न. परिभाषावाले म्हणतात 'आकृतिबंध'. सरकारी कचेरीत आकृतिबंध म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, तो शब्द तिथेच राहू द्या. पॅटर्न ज्या पद्धतीने लिहितात त्या रेग्युलर एक्स्प्रेशनला तर 'नियमित अभिव्यक्ती' केलंय! नियमित असतो व्यायाम, नियमित येते एसटी. गणितज्ञ स्टीव्हन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात 'रेग्युलर' म्हटलं ते गणितातल्या एका विशिष्ट प्रकारच्या संचांना. रोजच्या रोज होण्याशी त्याचा काही संबंध नाही. हा शब्द घडवणाऱ्यांनी तो एकदा मोठ्याने म्हणून पाहायला हवा होता.

आपल्या किनाऱ्यावर याहून चांगला शब्द पडलेला आहे: आस. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जाळी विणायला बसलेल्या माणसाजवळ पाच मिनिटं उभे राहा. फाटलेल्या जागी तो दोन बोटं घालून अंतर बघतो आणि मग गाठ मारतो. ते भोक म्हणजे आस. आस केवढा, त्यावर कोणता मासा अडकणार आणि कोणता सुटणार हे ठरतं. पॅटर्न दुसरं काय करतो?

हा आस आला कुठून? 'आस लागणे'मधली आस स्त्रीलिंगी, ती आशेची. तिचा इथे संबंध नाही. एका भाषापंडितांनी मला ठासून सांगितलं की हा चाकाचा आस, म्हणजे कणा. जाळ्यात कणा कुठला आला? माझं मत असं, की हा संस्कृत 'अक्षि', म्हणजे डोळा. हिंदीत 'क्ष'चा ख होतो तिथे मराठीत बहुतेकदा स किंवा श होतो. ईख–ऊस, कोख–कूस, मक्खी–माशी, खेत–शेत. या रांगेत आँखच्या समोर काय येईल? आस! आपण चेहऱ्यावरचा डोळा 'डोळा' केला, पण जाळ्यातला जुना डोळा कोळ्यांनी सांभाळला. खिडकीला गवाक्ष म्हणतात त्यातही हाच डोळा आहे. पंडितांनी कणा सोडून एकदा बंदरावर यावं.

तुमच्याच धंद्यातला आस घ्या. ग्राहक लिहितो 'हापूस', पण 'हापुसाची पेटी' म्हणताना पु ऱ्हस्व होतो, सामान्यरूपाचा नियमच तो. कित्येक जण तर नुसतंच 'हापुस' लिहितात. ग्रेपला 'हापूस' दिलंत तर बाकीच्या ऑर्डरी सुटून जातील. 'हाप[ूु]स' द्या. चौकटी कंसात दोन्ही उकार बसले, की दोन्ही रूपं एकाच आसात अडकतात.

हो, ग्रेप फक्त ओळ देतो. अख्खी मेल हवी तर ग्रेपमेल हा मेलसाठीचाच वेगळा प्रोग्रॅम वापरा. आणि मराठी मजकूर मेलमध्ये पुष्कळदा बेस-६४ मध्ये, म्हणजे नुसत्या इंग्रजी अक्षरं-आकड्यांच्या सांकेतिक रूपात, बांधून येतो, तेव्हा फायलीत 'हापूस' ही अक्षरं नसतातच. आधी तो उलगडून घ्या, मग आस टाका.

मालवण, हर्णै, श्रीवर्धनकडे जाळ्याच्या भोकाला दुसरा शब्द असेल तर मला जरूर कळवा. त्याचं लिंगही लिहा.