‘लेकरू काय उंदीर आहे?’ – बाळाला अभ्यासात घालायचं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बाळ तिसाव्या आठवड्यात झालं, सध्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे आणि डॉक्टरांनी एका अभ्यासात त्याचं नाव घालू का म्हणून विचारलंय. घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘लेकरू काय उंदीर आहे?’ अशा संशोधनातून मुलांचं खरंच काही भलं होतं, की ते डॉक्टरांच्या नावावर पेपर चढवण्यासाठीच असतं, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी नवजात बाळांची डॉक्टर. बावीस वर्षं याच कामात गेली. मधली काही वर्षं एका नैतिक समितीवरही (अभ्यास सुरू करण्याआधी तो तपासून परवानगी देणारी समिती) होते. म्हणजे संमतीचा फॉर्म पुढे करणारी मीच आणि दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या चुका काढणारीही मीच. नुसते पेपरसाठी केलेले अभ्यास मी पाहिलेत, ते नाकारत नाही. पण उंदराचा मुद्दा मला उलटा दिसतो. बाळ अभ्यासात नसलं म्हणजे त्याच्यावर प्रयोग होत नाही, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो रोज होत असतो, फक्त कुणी लिहून ठेवत नाही.

ऑक्सिजनचंच सांगते, कारण आत्ता तुमच्या बाळाच्या नाकाशी बहुधा तीच नळी असेल.

१९४० च्या दशकात कमी दिवसांच्या बाळांसाठी चांगल्या बंदिस्त पेट्या (इन्क्युबेटर) आल्या आणि त्यांत मोकळ्या हाताने ऑक्सिजन सोडला जाऊ लागला. फुप्फुसं कोवळी, ओठ निळसर, मग द्या ऑक्सिजन, भरपूर द्या. यात कुणाला काय वावगं दिसणार? पण जगलेली बाळं काही महिन्यांनी आंधळी निघू लागली, आणि तीही जास्त करून साधनसंपन्न रुग्णालयांतली. दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० मुलांची दृष्टी गेली असं मानलं जातं. जीवनसत्त्वांपासून प्रकाशापर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मांडलं की जिथे ऑक्सिजन हात राखून दिला जातो, तिथे हे आंधळेपण कमी दिसतं.

त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयात अर्नाल पॅट्झ या डोळ्यांच्या डॉक्टरने काही बाळांना भरपूर आणि काहींना बेताचा ऑक्सिजन देऊन तुलना सुरू केली. तर रात्रपाळीच्या काही नर्स ‘बेताच्या’ गटातल्या बाळांचा ऑक्सिजन गुपचूप वाढवून ठेवत. त्यांना वाटे, हा डॉक्टर लेकरांना मारायला निघालाय. मला त्या नर्सेसचा राग येत नाही. त्यांच्या जागी मी असते, तर मीही तेच केलं असतं. पुढे १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून मोठा अभ्यास केला आणि शंका मिटली. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ पुरी झालेली नसते. जास्तीच्या ऑक्सिजनने ती थांबते, मग उपाशी राहिलेला पडदा वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या फुटवतो, आणि त्यांच्या ओढीने शेवटी पडदाच सुटतो.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. आता सगळे दुसऱ्या टोकाला गेले. ऑक्सिजन ४०% च्या वर न्यायचाच नाही, असा दंडक पडला. आंधळेपण घटलं, पण श्वासाअभावी बाळं दगावू लागली. १९७३ मध्ये केनेथ क्रॉस या ब्रिटिश डॉक्टरने अंदाज मांडला की एका बाळाची दृष्टी वाचवण्यापायी सुमारे १६ बाळांचे जीव गेले असावेत. ४०% ही मर्यादा कुठल्या अभ्यासाने पारखली होती? कुठल्याच नाही. सगळ्यांना ती शहाणपणाची वाटली, एवढंच.

बरोबर आकडा शोधायला थेट २००० नंतरचा काळ उजाडला. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या जवळपास ५,००० बाळांवर, वेगवेगळ्या देशांत मिळून पाच अभ्यास झाले. एका गटाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ८५ ते ८९ च्या दरम्यान ठेवायचं आणि दुसऱ्याचं ९१ ते ९५. दोन्ही आकडे तेव्हा सर्रास वापरात होते. कुणाच्या वाट्याला कोणता येणार, हे तुम्ही कुठल्या रुग्णालयात आणि कुठल्या डॉक्टरच्या पाळीत आहात यावर ठरायचं. मी तेव्हा कनिष्ठ होते, आणि आमच्यातल्या बहुतेकांची खात्री होती की कमीच चांगलं, डोळे तरी वाचतील. निकाल आला: कमी सॅच्युरेशनच्या गटात डोळ्यांचा त्रास कमी, पण मृत्यू जास्त. माझी खात्री चुकीची होती. ती चूक मी किती बाळांच्या मॉनिटरवर लावून ठेवली होती, याची नोंद कुठेच नाही. उंदीर म्हणायचंच असेल तर ती बाळं. त्यांच्या आईवडिलांना कुणी विचारलंही नव्हतं.

आज तुमच्या बाळाच्या मॉनिटरचा अलार्म ज्या आकड्याला वाजतो, तो आकडा अभ्यासात नाव घातलेल्या त्या बाळांनी दिलेला आहे.

हे फक्त नवजातांपुरतं नाही, आणि फक्त औषधांपुरतंही नाही. बाळाला पालथं झोपवावं, असा सल्ला विसाव्या शतकाच्या मध्यापासून कितीतरी देशांत डॉक्टर देत होते. दूध उलटलं तर घशात अडकणार नाही, असं त्यामागचं कारण. ऐकायला अगदी पटण्यासारखं. मग न्यूझीलंड, ब्रिटन, नेदरलँड्स इथल्या अभ्यासांतून दिसलं की झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांत पालथी झोपवलेली फार. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘उताणं झोपवा’ ही मोहीम निघाली आणि असे मृत्यू झपाट्याने उतरले. ना गोळी, ना लस, ना यंत्र. नंतर कुणीतरी मागे जाऊन हिशोब केला तेव्हा कळलं की तोवरचे सुटे अभ्यास नीट एकत्र मांडले असते, तर १९७० पर्यंतच धोका दिसला असता. उशिरापायी ब्रिटनमध्ये १०,००० हून अधिक बाळं गेली असावीत. म्हणून संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नवं औषध येतं आणि माझ्या डोळ्यांपुढे आधी येतं, ते चांगल्या हेतूने चाललेलं काहीतरी बंद होणं.

तुम्ही प्रश्नात ‘मूल आनंदात असणं’ असाही शब्द वापरलाय, म्हणून वेदनेबद्दल लिहिते. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांवर, विशेषतः कमी दिवसांच्या, पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत. हलू नये म्हणून स्नायू शिथिल करणारं औषध, थोडा वायू आणि काम सुरू. बाळाची मज्जासंस्था कच्ची असते, त्याला फारसं कळत नाही, शिवाय भुलीची औषधंच धोक्याची, असं पुस्तकी ज्ञान होतं. भारतातून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेले तरुण डॉक्टर कंवलजीत आनंद यांना शस्त्रक्रियेहून परतणाऱ्या बाळांची अवस्था पाहून चैन पडेना. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही बाळांना नेहमीचीच पद्धत आणि काहींना त्याच्या जोडीला फेंटॅनिल हे वेदनाशामक दिलं आणि रक्तातली तणावाची संप्रेरकं मोजली. वेदनाशामक मिळालेल्यांत ती कितीतरी कमी होती, आणि शस्त्रक्रियेनंतरचा त्रासही कमी झाला. हे १९८७ मध्ये छापून आलं. आता रक्त काढताना तुमच्या बाळाच्या जिभेवर साखरेच्या पाण्याचे दोन थेंब टाकतात ना, तेही पुढच्या अशाच अभ्यासांतून आलंय. कोपऱ्यातली लहानशी गोष्ट, पण मला ती अतिशय प्रिय आहे.

मोठ्या मुलांचं एकच उदाहरण देते, रक्ताच्या कर्करोगाचं. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा जो तीव्र ल्युकेमिया, त्यातून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दहात एखादंच मूल वाचे. आज उपचारांची चांगली सोय असलेल्या देशांत दहातली नऊ वाचतात. गंमत म्हणजे मुख्य औषधं बरीचशी तीच जुनी आहेत. अमेरिकेतले डॉक्टर सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये अमिनोप्टेरिन या ज्या औषधाने काही मुलांचा आजार थोडा काळ मागे रेटला, ते बनवणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट अजून वापरात आहे. बदललं ते प्रमाण, क्रम, किती दिवस द्यायचं आणि कुणाला किती कमी पुरतं, हे. एका अभ्यासाने एक पायरी, पुढच्याने पुढची. पूर्वी डोक्याला सरसकट किरणं देत. मुलं वाचत, पण त्यांची वाढ खुंटे, अभ्यासात मागे पडत. हळूहळू अभ्यासांनीच दाखवून दिलं की बहुतेकांना त्याची गरज नाही. मुलांच्या कर्करोगात इतकी मजल मारता आली, त्याचं एक कारण हेच की अनेक देशांत अशा मुलांचा मोठा हिस्सा कुठल्या ना कुठल्या अभ्यासात असतो.

आता घरच्यांच्या भीतीबद्दल. ती खुळी नाही. न्यूयॉर्क राज्यात विलोब्रूक नावाची मतिमंद मुलांची सरकारी संस्था होती. तिथे १९५६ पासून पुढे बरीच वर्षं मुलांना मुद्दाम काविळीचा संसर्ग देऊन अभ्यास केला गेला. आईवडिलांच्या सह्या होत्या, पण एरवी प्रवेश मिळणं मुश्कील असताना या विभागात जागा मिळत होती. त्या सहीला संमती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि इतकं मागे कशाला जायचं? वर सांगितलेल्या सॅच्युरेशनच्या पाच अभ्यासांपैकी अमेरिकेतल्या अभ्यासावर २०१३ मध्ये तिथल्या सरकारी कार्यालयाने ठपका ठेवला की संमतीपत्रात मृत्यूचा आणि डोळ्यांचा धोका आईवडिलांना स्पष्ट सांगितला नव्हता. यावर डॉक्टरांत जोरदार वाद झाला. अभ्यास करण्याजोगा होता, फॉर्म वाईट होता, असं माझं मत.

तेव्हा सही करण्यापूर्वी विचारा. डॉक्टर घाईत असतील तर थांबवून विचारा.

पहिलं हे की अभ्यासात नसतं, तर माझ्या बाळाला नेमकं काय मिळालं असतं? उत्तर ‘दोन्हीपैकी काहीही, ज्याची पाळी असेल त्याच्या मर्जीप्रमाणे’ असं आलं, तर चिठ्ठी टाकून गट ठरण्याला घाबरायचं कारण मला दिसत नाही. नवं औषध असेल तर आधी ते कुणाला दिलंय, किती जणांना, आणि त्यांचं काय झालं हे विचारा. निव्वळ अभ्यासापुरतं जास्तीचं रक्त काढणार का, किती? तिसाव्या आठवड्याच्या बाळाच्या अंगात रक्त ते किती, दीड किलोच्या बाळात सव्वाशे-दीडशे मिलीलीटर. तिथे दोन मिलीलाही अर्थ असतो. मधेच निकालांवर लक्ष ठेवणारी, अभ्यास थांबवू शकणारी स्वतंत्र समिती आहे का?

अशी समिती काय करते ते एका उदाहरणाने सांगते. कमी वजनाचं बाळ आधी पेटीत स्थिरावू द्यायचं आणि मग आईच्या छातीशी द्यायचं, असा रिवाज होता. बाळाला आईच्या छातीशी ठेवण्याची ही कांगारू पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियात बोगोटाला पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली खरी, पण स्थिरावण्याआधी द्यायचं धाडस कुणी करत नव्हतं. भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने ३,२०० हून अधिक बाळांवर तुलना झाली. जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलेल्यांत पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १२%, नेहमीच्या पद्धतीत १५.७%. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की देखरेख समितीने अभ्यास मधेच थांबवायला लावला, कारण उरलेल्या बाळांना आईपासून लांब ठेवणं आता योग्य नव्हतं. २०२१ मध्ये निकाल छापून आला. त्याआधी मी स्वतः कित्येक आयांना ‘थोडं थांबा, अजून स्थिर नाही’ म्हणून परत पाठवलंय. (तुम्हाला बाळ छातीशी घ्यायला देत नसतील, तर अभ्यासाचं राहू दे बाजूला, आधी त्याबद्दल विचारा.)

तुमच्या डॉक्टरांनी मांडलेला अभ्यास नक्की कशाचा आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे हो म्हणा की नाही म्हणा, हे मी सांगणार नाही. नाही म्हणालात तर कारण द्यावं लागत नाही. हो म्हणून दोन दिवसांनी मन बदललं तरी चालतं. दोन्हीत बाळाच्या उपचारांत तसूभरही फरक पडता कामा नये. पडतोय असं वाटलं, तर नैतिक समितीचा फोन नंबर संमतीपत्रावरच असतो. बहुधा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. फॉर्मची एक प्रत मागून घ्या आणि तो नंबर आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.