विचारपूस, फडकं आणि कासव

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. 13 नोव्हेंबरला 'काइंडनेस'चा जो जागतिक दिवस पाळतात, तो यंदा त्यांच्या शाळेतही होणार आहे. फलकावर 'दयाळूपणा दिन' लिहायचं की 'दयाळुता दिन', असं त्या विचारतात. शिवाय मुलांनी आठवडाभर रोज 'दयाळूपणाचं एक कृत्य' करून वहीत टिपायचं आहे. हा शब्दप्रयोग चालेल का?

व्याकरणाचं आधी उरकतो. 'पणा' लावलात तर 'ळू' दीर्घ, 'ता' लावलीत तर 'ळु' ऱ्हस्व. दोन्ही रूपं शुद्ध. आता माझं ऐकाल तर दोन्ही लिहू नका. आणि 'कृत्य' तर मुळीच नको.

'कृत्य' संस्कृतात अगदी साधंभोळं आहे, 'जे करायचं ते' एवढंच. मराठीत मात्र ते पंचनाम्याच्या संगतीला लागून पार बिघडलं. भ्याड कृत्य, निंद्य कृत्य, किळसवाणं कृत्य. 'नित्यकृत्य' तेवढं सोवळ्यात राहिलं. 'हे कृत्य कोणाचं?' असं आपण कुंडी फुटल्यावर विचारतो. कोणी झाडाला पाणी घातलं म्हणून नाही. तिसरीतल्या मुलाच्या वहीत 'माझे आजचे कृत्य : शेजारच्या मुलाला खोडरबर दिले' असं वाचलं की पुढच्या ओळीत 'आरोपी फरार आहे' असं असेल की काय, असं मला वाटायला लागतं.

'दया' शब्द वाईट नाही, पण तो उंचावरून खाली येतो. 'मला तुझी दया येते' हे प्रेमाचं वाक्य नव्हे, भांडणातलं आहे. तुकोबांनी तर दयेची व्याख्याच करून ठेवली आहे : 'दया तिचें नांव भूतांचें पाळण । आणिक निर्दळण कंटकांचें'. पाळण आणि निर्दळण! ही राज्य चालवणाऱ्याची कामं. खोडरबरासाठी एवढी फौज कशाला काढायची?

मग शब्द कोणता? माया, आपुलकी, जिव्हाळा, माणुसकी हे सगळे तुम्हाला ठाऊक आहेत, त्यांच्यात वेळ घालवत नाही. ती मनातल्या गोष्टींची नावं. मनात माया ठेवून माणूस दिवसभर खुर्चीतून न उठता बसू शकतो. रोजच्या, हातातोंडाच्या, बिनखर्चाच्या चांगुलपणाला मराठीत एक अस्सल शब्द आहे आणि तो करावाच लागतो, नुसता वाटून भागत नाही : विचारपूस. आजाऱ्याची, नव्या शेजाऱ्याची, परीक्षेत गचकलेल्या भाच्याची. जुनी माणसं 'वास्तपुस्त' असंही म्हणायची.

आणि नेमक्या याच शब्दाचा हल्ली खून चाललाय. परवाच बातमीत वाचलं, 'पोलिसांनी संशयिताची चार तास कसून विचारपूस केली.' कसून! हवालदार सोबत डब्यात पेज घेऊन गेला होता काय? हिंदीतल्या 'पूछताछ'चं हे आळशी भाषांतर. चौकशी, तपास, जबाब, झाडाझडती, उलटतपासणी असे धट्टेकट्टे शब्द घरात असताना बातमीदाराला त्यातला एकही सापडू नये? उद्या 'आयकर विभागाने व्यापाऱ्याची ख्यालीखुशाली घेतली' असंही छापतील.

असो. मला खरं बोलायचंय ते 'विचारपूस'मधल्या 'पूस'विषयी.

'पुसणे' म्हणजे विचारणे. मूळ संस्कृत 'प्रच्छ्', 'पृच्छति'. प्राकृतात 'पुच्छइ'. हिंदीने त्याचं 'पूछना' केलं, आपण 'पुसणे'. 'छ'चा 'स' का झाला? कारण मराठीला तशी खोडच आहे. संस्कृतातला कच्छप हिंदीत कछुआ झाला, आपल्याकडे कासव. मत्स्याचा प्राकृतात मच्छ झाला. हिंदीत मछली, आपल्याकडे मासा. हिंदीत बछड़ा, आपल्याकडे वासरू. त्यांची छुरी, आपली सुरी. 'पिच्छ'चं आपण पीस केलं, प्राकृत 'उच्छु'चा ऊस केला. हिंदीतला 'छ' दिसला की मराठीत 'स' शोधावा, निम्म्या वेळा तरी सापडतो. ('मच्छर' आपल्याकडे चालतो म्हणून नियम मोडला असं कोणी कळवू नये. तो हिंदीतून आला, आपला तो डास.) ज्यूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर शंभरेक वर्षांपूर्वी एक ग्रंथ लिहिला. असले बदल त्यात त्याने एकेक करून तपासलेत. आपल्या भाषेची नाडी पॅरिसमधल्या माणसाने इतकी नीट पाहावी याचा मला हेवा वाटतो.

आता गंमत. मराठीत दुसरंही एक 'पुसणे' आहे, फडक्याने पुसतात ते. त्याचं कुळ निराळं. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात 'मृज्' म्हणजे स्वच्छ करणे या धातूच्या जागी लोक काय काय बोलतात याची यादीच दिली आहे. तीत 'लुंछ' आहे, 'पुंछ' आहे, आणि चक्क 'पुस'ही आहे. 'लुंछ'चं गुजरातीत 'लूछवुं' झालं. हिंदीत 'पोंछना' आलं. 'पुस' आपल्या घरात राहिला. म्हणजे हिंदी माणूस पूछतो वेगळं आणि पोंछतो वेगळं. गुजराती पूछतो आणि लूछतो. मराठी माणूस मात्र दोन्हीकडे पुसतोच.

दोन वेगळ्या नद्या योगायोगाने एका पात्रात आल्या, असं भाषाशास्त्रज्ञ म्हणतील, आणि व्युत्पत्तीपुरतं ते बरोबरच आहे. पण बोलणाऱ्याच्या कानाला व्युत्पत्ती माहीत नसते. त्याच्या कानात 'डोळे पुसले' आणि 'हालहवाल पुसली' हे शेकडो वर्षं शेजारी शेजारी नांदतंय. 'विचारपूस'ला जो ओलसर, हात फिरवल्यासारखा अर्थ चिकटलाय, 'चौकशी'ला जो कधीच चिकटला नाही, तो या शेजाराने चिकटला असं माझं ठाम मत आहे. पुरावा मागू नका. 'तोंडाला पाने पुसणे' याच घरातलं असून त्यात ओलावा कुठे, असं एका मित्राने मला खिंडीत गाठून विचारलं होतं. प्रत्येक घरात एखादा वाह्यात काका असतोच.

फारसीचे एक जाणकार आहेत, ते मला भेटतील तेव्हा सांगतात की 'विचारपूस'मधली 'पूस' ही फारसी 'पुर्स'. जशी 'बीमारपुर्सी', म्हणजे आजाऱ्याची खबर घेणं, तशी विचारपूस. ऐकायला झकास, पण साफ चूक. फारसी 'पुर्सीदन' आणि संस्कृत 'प्रच्छ्' ही एकाच आजीची नातवंडं हे खरं. पण चुलतभावाला बाप म्हणायचं नसतं. एक तर फारसीतून आलेल्या शब्दांतला असा 'र' मराठी सहसा गिळत नाही. फुर्सतची फुरसत झाली, कुर्सीची खुर्ची झाली, अर्ज अर्जच राहिला. मग पुर्सचाच 'र' कुठल्या पुरात वाहून गेला? दुसरं, 'लीळाचरित्र' उघडा. 'पुसिलें' तिथे जागोजाग भेटतं. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर आला 1296 मध्ये. लीळाचरित्र त्याच्या आधी सिद्ध झालेलं. पोथ्यांच्या नकला नंतरच्या आहेत, हे मलाही माहीत आहे. पण महानुभावांनी आपला ग्रंथ सांकेतिक सकळ लिपीत ज्या डोळ्यांत तेल घालून जपला, ते पाहता प्रत्येक नकलकाराने मूळ शब्द खोडून फारसी घुसडला असेल हे पटत नाही. जाणकारांना हे मी दोनदा सांगितलं. ते हसतात आणि पुन्हा बीमारपुर्सीवर येतात.

लीळाचरित्र निघालंच आहे तर सांगतो. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ म्हाइंभटांनी लिहिला कसा? पुसून. चक्रधरस्वामी गेल्यावर ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं होतं, ऐकलं होतं, त्यांना गाठायचं, बसायचं, विचारायचं. एकाच प्रसंगाच्या दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही नोंदवायच्या. आणि त्यात सशाची ती लीळा. पारध्यांच्या तावडीतून सुटलेला ससा स्वामींच्या मांडीखाली लपतो. ते पारध्यांना समजावून परत पाठवतात, मांडी उचलतात आणि सशाला 'महात्मे हो' म्हणून निरोप देतात. सशाला! 'बिचारा' नाही, 'गरीब प्राणी' नाही. शाळेत हा उतारा 'भूतदया' या मथळ्याखाली शिकवतात तेव्हा मला गुदमरायला होतं. त्यात दया शोधण्याआधी संबोधन बघा की.

'विचारपूस'चा पहिला अर्धा भाग, 'विचार', राहिलाच. हिंदीत 'विचारना' म्हणजे मनात विचार करणं. गुजरातीत 'विचारवुं' तेच. मग मराठीत 'विचारणे' म्हणजे दुसऱ्याला प्रश्न करणं कसं झालं? कोकणीतही 'विचारप' म्हणजे प्रश्न करणंच. उत्तर माझ्या मते दक्षिणेला आहे. कन्नडमध्ये 'विचारिसु' म्हणजे चौकशी करणे. तमिळमध्येही हा शब्द त्याच अर्थाने आहे. तेलुगूत तर 'विचारम्' म्हणजे दुःख, खंत! शब्द संस्कृत, पण त्याची वागणूक कानडी मुलखातली. कानडीचा मराठीवरचा प्रभाव म्हटलं की आमचे काही विद्वान अण्णा-अक्का-ताई मोजतात आणि थांबतात. शब्द उसना घेणं सोपं असतं. आपल्याच शब्दाला शेजाऱ्याची सवय लागणं ही त्याहून खोल गोष्ट. एका संपादकांना मी हे लिहून पाठवलं होतं. त्यांनी तो परिच्छेद गाळलाच, वर लेखातलं 'पुसलं' बदलून सगळीकडे 'विचारलं' केलं, का तर म्हणे 'पुसणे' ग्राम्य वाटतं. ज्ञानेश्वर-तुकाराम ज्या क्रियापदावर आयुष्य काढून गेले ते यांना ग्राम्य!

वऱ्हाडात मात्र 'पुसणे' अजून ठणठणीत आहे. माझी आई तिकडची. मध्यंतरी ती अकरा दिवस एका दवाखान्यात होती. रोज सकाळी सहाला फरशी पुसायला एक मावशी यायच्या. आधी बादलीची कडी वाजायची, मग फिनेलचा वास. फडकं पिळून पलंगाखाली वाकता वाकता त्या म्हणायच्या, "आजी, रात्री पाय ठणकला का हो?" आणि आईचं सांगून होईपर्यंत फडकं जागच्या जागी थांबायचं. मग तेच ओले हात पदराला कोरडे करून त्या तांब्या आईच्या हाताशी सरकवायच्या आणि पुढच्या पलंगाकडे जायच्या. सगळा कारभार दीड मिनिटाचा. माझी बायको पुण्याची. तिने एकदा विचारलं, "आई, इथे नीट बघतात ना तुमच्याकडे?" आई म्हणाली, "डॉक्टर येते, कागद पाहते अन् जाते. पुसते ते हेच बाई." बायको म्हणाली, "हो ना, कोपरेसुद्धा किती स्वच्छ काढते!"

दोघींचं समाधान झालं होतं, मी मध्ये पडलो नाही. माझ्या सिद्धांताला याहून चांगला पुरावा ब्लॉकलाही मिळाला नसता.

हां, बाई, तुमचा फलक. शिक्षण खात्याकडून 'दयाळूपणा दिन' असंच लिहून आलं असेल तर लिहा, माझ्यापायी वाद घालू नका. पण वहीतलं ते 'कृत्य' खोडा आणि त्या जागी लिहा, 'आज कोणाला पुसलंस?' एखादं पोर 'फळ्याला' असं लिहून आणेल. त्याला पैकीच्या पैकी द्या.