सही करण्याआधी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला पंचगंगेच्या घाटाचा फोटो काल रात्री संगणकावर मोठा करून बघितला. पायऱ्यांवरून उतरत जाणारं ऊन, पाण्यात मोडलेल्या देवळांच्या सावल्या, धुणं धुणाऱ्या बाईच्या पाठीवरचा तो एकच पिवळा फटकारा, सगळं जमलंय. मला आनंद झाला. पण चित्र बघताना माझी नजर दर वेळी खाली उजवीकडे जाऊन अडकत होती. तिथे करड्या-हिरव्या पाण्यावर तू लाल रंगात, बोटाच्या पेराएवढ्या उंचीची सही केली आहेस आणि तिच्याखाली एक झोकदार रेघ ओढली आहेस. अख्ख्या चित्रात इतका तापलेला रंग दुसरीकडे कुठेच नाही. मी अंगठ्याने तो कोपरा झाकला, आणि घाट पुन्हा शांत झाला. तूही झाकून बघ.

तू विचारलं आहेस की सही कुठे करायची, मराठीत की इंग्रजीत, आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बसून सगळ्या चित्रांवर एकदमच केली तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे तू तशी बसणार नाहीस: चालणार नाही. बाकीचं जरा सविस्तर लिहितो.

कर्जतजवळ कोंडाण्याची लेणी आहेत, राजमाचीच्या पायथ्याशी. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला एक भग्न मूर्ती आहे आणि तिच्या डोक्याजवळ ब्राह्मीत एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा: कण्हाचा शिष्य बलक याने केले. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा माणूस. नाव सांगताना आधी गुरूचं सांगतो, मग स्वतःचं, आणि शेवटी एकच क्रियापद, 'केले'. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला एक हसऱ्या चेहऱ्याचा, बुटका, डोक्यावर भांडं धरलेला यक्ष सापडला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या तर हातावरच लेख आहे, की हा कण्हदास सोनाराने केला. मूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या हाताचं नाव! तो यक्ष पहिल्यांदा बघितला तेव्हा मी कितीतरी वेळ त्या हातासमोरून हललो नव्हतो.

हे दोघे माझ्या मनात कायम असतात, कारण सही म्हणजे काय हे त्यांच्याइतकं स्वच्छ मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही. ती साक्ष आहे: हे मी केलं, इथे थांबलो, यात जे बरंवाईट आहे ते माझं. ही साक्ष चित्र पूर्ण झाल्यावरच देता येते. म्हणून चित्र संपलं असं वाटलं की लगेच सही करू नकोस. भिंतीकडे तोंड करून आठ दिवस ठेव. आठ दिवसांनी फिरवून बघितल्यावर हात ब्रशकडे गेला नाही, तर त्या दिवशी त्या एका चित्रावर सही कर. बावीस चित्रांवर एका रात्रीत सह्या केल्यास, तर त्यातली चार अजून झालेली नाहीत हे तुला कळणारच नाही. सही केल्यानंतर पुढे कधी चित्रावर पुन्हा काम केलंस, तर मागे दोन्ही सालं लिही.

आता जागा. खाली उजवीकडे सही करायची हा नियम कुणी केलेला नाही. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, नजर शेवटी तिथे पोचते, म्हणून ती सोयीची जागा झाली. पण तुझ्या घाटाच्या चित्रात उजवीकडे आधीच पायऱ्यांचं वजन आहे. डावीकडे खाली पाण्याचा मोकळा पट्टा आहे, सही तिकडे गेली असती तर तोल राहिला असता. चित्र जिथे तुला बोलावतं तिथे जा. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने सूर्यफुलांच्या चित्रात 'व्हिन्सेंट' हे नाव फुलदाणीच्या पोटावर लिहिलं, जणू कुंभारानेच ते कोरलंय. यान व्हॅन आइकने 1434 साली आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात चक्क मागच्या भिंतीवर, आरशाच्या वर, नक्षीदार अक्षरांत लिहिलं की यान व्हॅन आइक इथे होता. जहांगीर बादशहाच्या दरबारातल्या बिचित्र या चित्रकाराने बादशहा आणि सुफी शेखाच्या चित्रात आपलं नाव बादशहाच्या पायाखालच्या चौरंगावर घातलं. आणि आपल्या गोव्यातल्या साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा वर डाव्या कोपऱ्यात ठसठशीत 'सूझा' आणि साल लिहून मोकळे होत. त्यांच्या त्या काळ्या जाड रेषांच्या शेजारी ती सही शोभते, कारण ती त्याच रेषेची आहे. तुझ्या पाण्यावरची लाल सही तुझ्या पाण्याची नाही, एवढंच माझं म्हणणं.

रंग म्हणूनच पॅलेटवरचाच घ्यायचा. त्या चित्रात वापरलेल्या एखाद्या मिश्रणाची एक पायरी गडद किंवा एक पायरी फिकी छटा पुरते. बघणाऱ्याला आधी चित्र दिसावं, आणि त्याने शोधली की सही सापडावी. तैलरंगात रंग शाईसारखा वाहता करून घे, थोडं लिनसीड, थोडं टर्पेंटाइन. लांब केसांचा बारीक रिगर ब्रश घे आणि मनगट टेकवून, श्वास सोडत लिही. खालचा थर वाळलेला असला की अक्षर बिघडलं तरी पुसता येतं. ओल्या रंगात लिहिलंस तर दोन्ही बिघडतात. चित्राची सही आणि बँकेच्या चेकवरची सही मात्र एक ठेवू नकोस. हजारो माणसं चित्राचा फोटो बघणार आहेत.

व्हार्निश लावायचं असेल तर सही त्याआधी. वर केलेली सही पुढे पन्नास वर्षांनी कुणी पिवळं पडलेलं व्हार्निश साफ करायला घेतलं की त्याच्याबरोबर निघून जाते. आणि भिंगातून तपासणारे लोक हेच बघतात: सहीचा रंग चित्राच्या भेगांत उतरलेला असेल, तर ती चित्रानंतर कितीतरी वर्षांनी कुणीतरी केलेली आहे.

कडेपासून निदान एक इंच आत राहा. फ्रेमचा खाचा कॅनव्हासची पाव इंच कड खातो आणि जलरंगाभोवतीचा माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, कधीकधी त्याहून जास्त. नावाचा अर्धा भाग माउंटखाली गेलेली चित्रं मी दर प्रदर्शनात बघतो. छापचित्रांचा प्रघात तुला ठाऊकच आहे, छापाखाली पेन्सिलनेच, डावीकडे प्रतीचा क्रमांक, उजवीकडे सही.

मराठीत की इंग्रजीत? लहानपणी घरी येणाऱ्या दिवाळी अंकांवर दीनानाथ दलालांची चित्रं असायची. त्यांची 'दलाल' ही तीन अक्षरं मी पाटीवर चित्रासारखी गिरवत असे, त्यामुळे माझं मन कुठे आहे हे मी लपवत नाही. पण धुरंधरांसारखा कोल्हापूरचा थोर चित्रकार इंग्रजीत सही करत आला, जामिनी रॉय बंगालीत करत, आणि पंढरपुरात जन्मलेले हुसेन देवनागरी, उर्दू, इंग्रजी अशा सगळ्या लिप्यांत. ज्या लिपीत तुझा हात न अडखळता वळतो ती तुझी. एक गोष्ट मात्र अनुभवाची सांगतो. देवनागरीची शिरोरेषा चित्राच्या खालच्या कडेजवळ आली की तिथे एक दुसरंच क्षितिज तयार होतं. निसर्गचित्रात ते फार बोचतं. मी शिरोरेषा सोडून देतो, किंवा प्रत्येक अक्षरावर तुटक ठेवतो. कागदावर दोनशे वेळा लिहून बघ, म्हणजे तुझं वळण तुला सापडेल. सापडलं की मग दर वर्षी बदलू नकोस.

नावाबद्दलही बोलायला हवं, आणि ते मी तुला मुलगी म्हणून मुद्दाम सांगतोय. माझ्या कितीतरी हुशार विद्यार्थिनींची लग्नाआधीची चित्रं एका नावाची आणि नंतरची दुसऱ्या नावाची आहेत. मधल्या दहा वर्षांत त्या दोघी एकच आहेत हे बघणाऱ्याला कसं कळावं? त्यांचं निम्मं काम असं हरवलेलं बघून मला फार वाईट वाटतं. तू सहीचं नाव आजच ठरव, आयुष्यभर पुरेल असं. नुसतं पहिलं नाव घे, नाव आणि आडनाव घे, पण ते कुठल्याही सनई-चौघड्याने बदलणार नाही हे घरच्यांनाही सांगून ठेव. अमृता शेरगिल 1938 साली लग्न झाल्यावरही अमृता शेरगिलच राहिली.

आता चित्राची पाठ. माझ्या मते पुढच्या सहीपेक्षा ती जास्त महत्त्वाची आहे. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या नंतरच्या अमूर्त चित्रांना समोरून सही नसते. त्या शांत पृष्ठभागावर एक अक्षर जरी आलं असतं तरी नजर वाचायला लागली असती. ते मागे सही करत. चित्रकार सय्यद हैदर रझांच्या नंतरच्या चित्रांच्या पाठीवर तर नाव, साल, शीर्षक, माप, माध्यम असं सगळं सापडतं. तूही तेवढं लिही, आणि वरची बाजू दाखवणारा बाण काढ. बाणाला कमी समजू नकोस. डच चित्रकार मोंद्रियानच्या 'न्यू यॉर्क सिटी 1' या चित्रावर सही नाही, आणि ते कित्येक दशकं उलटं टांगलं गेलंय असं 2022 साली ड्यूसलडॉर्फच्या संग्रहालयातूनच सांगण्यात आलं.

कशाने लिहायचं हे मी चूक करून शिकलो. 1986 साली रंकाळ्याचं एक मोठं चित्र केलं होतं, वरचा निम्मा भाग नुसतं आभाळ. उत्साहात मागे कॅनव्हासच्या मधोमध जाड मार्करने नाव, गाव, तारीख लिहिली. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मीच हाताने लावलेला, कुठे पातळ, कुठे जाड. सहा-सात वर्षांनी ते चित्र ज्यांच्याकडे होतं त्यांनी बोलावून दाखवलं: आभाळात ढगांच्या मधून जांभळट काळी अक्षरं वर आली होती, उलटी. शाई कापडातून झिरपून रंगापर्यंत पोचली होती. मी त्यावर दोनदा रंग दिला, दोन्ही वेळा ती पुन्हा वर आली. शेवटी त्यांना दुसरं चित्र दिलं आणि ते घरी आणलं. अजून माळ्यावर आहे, पुढच्या वेळी आलीस की दाखवीन. म्हणून मार्कर नको. कॅनव्हासची जी पट्टी मागे दुमडून ठोकतो, तिच्यावर पातळ केलेल्या रंगाने किंवा मऊ पेन्सिलने लिही. कॅनव्हास ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीवर, म्हणजे स्ट्रेचरवरही लिही, पण फक्त त्याच्यावर नको, कारण पुढे कधी स्ट्रेचर बदलला की नाव फेकून दिलं जातं. कागदाच्या मागे बॉलपेन टेकवू नकोस, त्याचा दाब पुढे उमटतो.

शिवाय एक वही ठेव. प्रत्येक चित्राला क्रमांक, साल, माप, कुणाला दिलं, आणि पुढून-मागून आणि सहीचा जवळून असे तीन फोटो. सही कुणालाही उचलता येते. 2009 साली दिल्लीत रझांच्याच चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं, स्वतः रझा तिथे गेले आणि भिंतीवरची चित्रं आपली नाहीत हे त्यांना सांगावं लागलं. त्या वयात त्यांना काय वाटलं असेल, या विचाराने मला आजही कसंसंच होतं. चित्र विकलं तरी ते आपलं आहे हे सांगण्याचा हक्क 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 ने तुझ्याकडेच ठेवलाय. पण तो हक्क बजावायची वेळ आली तर ती वही हाताशी हवी.

आणि तू रविवर्म्यांच्या चित्राची जी अभ्यासप्रत केली आहेस ती प्रदर्शनात मांडणार असशील, तर तिच्यावरची 'रविवर्मा' ही हुबेहूब काढलेली सही आधी घालव. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून नक्कल करणाऱ्यांना मूळ सही काढायला मनाई असते आणि मापही वेगळं ठेवावं लागतं. तू मागे स्पष्ट लिही, 'राजा रविवर्मा यांच्या चित्रावरून अभ्यास', आणि खाली तुझं नाव. त्यात कमीपणा नाही. बलकानेही आधी कण्हाचंच नाव घेतलं होतं.

आता घाटाचं चित्र. तू म्हणतेस पाणी दिवाळीतच वाळलंय आणि लाल सही गेल्या आठवड्यातली आहे, अलिझरिन क्रिमसनची. तो रंग उशिरा वाळतो, त्यामुळे अजून वेळ गेलेली नाही. कापसाच्या काडीला थोडं टर्पेंटाइन लाव, आधी फडक्यावर टिपून घे, आणि अक्षरावरून काडी फिरवत ने, घासू नकोस. काडी लाल झाली की नवी घे. हिरवा दिसायला लागला की तिथेच थांब. मग दोन दिवस तसंच राहू दे. नवी सही डावीकडे, पाण्याच्या पट्ट्यात, त्याच करड्यात. झाल्यावर फोटो पाठव, आणि या वेळी मागच्या बाजूचाही.

तुझे,
सर