विचारा बाईंना : बरणीतलं फुलपाखरू आणि गेटवरचा कोष

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही गोडोलीत राहतो. दारातल्या कढीपत्त्यावर माझ्या सात वर्षांच्या मुलाला पाच अळ्या सापडल्या. लोणच्याची रिकामी बरणी धुऊन तिच्यात ठेवल्या, झाकणाला भोकं पाडली. एके दिवशी पावसामुळं बाहेर जाववेना म्हणून मंडईतली कढीपत्त्याची जुडी घातली, तर तीन अळ्या मेल्या. उरलेल्या दोघींचे कोष झाले. एकातून पंख चुरगळलेलं फुलपाखरू निघालं, दुसरं कालच चांगलं निघालंय. लोखंडी गेटवरही एक कोष सापडला होता, तो काढून आणला; त्यातून फुलपाखराऐवजी बारीक बारीक माश्या बाहेर आल्या. मुलगा त्या दिवशी जेवला नाही. आता चांगलं आहे ते फुलपाखरू कास पठारावर नेऊन सोडायचं म्हणतोय. न्यावं का? आणि हा उद्योग पुन्हा करू द्यावा का?
– एक आई, सातारा

उत्तर : आधी घाईचं काम. चुरगळलेल्या पंखांचं फुलपाखरू अजून जिवंत असेल तर ‘उड बाळा’ म्हणत गच्चीवरून सोडू नका. ते खाली पडेल आणि मुंग्या लागतील. दहा चमचे पाण्यात एक चमचा साखर विरघळवा, त्यात कापसाचा बोळा भिजवून बशीत ठेवा आणि फुलपाखराचे पाय त्यावर टेकवा. फुलपाखराला चव पायांनी कळते. गोड लागलं की बहुतेक वेळा सोंड आपोआप उलगडते. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी ती उलगडताना मुलाला भिंगातून बघू दे. ते काही दिवसच राहील, हेही त्याला आत्ताच सांगून ठेवा.

जुडीचं म्हणाल, तर माझ्या नातीच्या अकरा अळ्या मी अशाच घालवल्यात. रविवार, धो धो पाऊस, छत्री घेऊन परसात जायचा कंटाळा. भाजीबरोबर आलेला कढीपत्ता मी चांगला धुऊन, पुसून घातला. संध्याकाळी बघते तर अळ्या डहाळी सोडून तळाशी लोळागोळा, अंगातून हिरवं पाणी गळतंय. नात काही बोलली नाही. रात्री जेवताना आमटीतला कढीपत्ता तेवढा तिनं वेचून ताटाच्या कडेला लावला. फवारलेलं औषध धुण्यानं सगळं जात नाही, आणि ते असतं मुळी अळ्यांसाठीच. इतकं सरळ गणित एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला त्या दिवशी सुचलं नाही! ज्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाचा पाला घालायचा. नसेल तर अळी आणायचीच नाही.

दुसरी गोष्ट बरणीची. कोषातून निघालेल्या फुलपाखराचे पंख ओल्या रुमालासारखे असतात. त्याला कुठंतरी पाय रोवून, पंख खाली मोकळे सोडून लोंबकळावं लागतं. मग ते अंगातलं पाणी पंखांच्या शिरांत ढकलतं आणि पंख ताणले जातात. काचेवर पाय धरत नाहीत. ते घसरतं, पंख मुडपतात आणि तसेच वाळतात. तुमच्याकडं बहुधा हेच झालं. शिवाय बंद बरणीत पाला घामेजतो, लेंड्यांना बुरशी येते.

पण झाड दारातच आहे, तर बरणी हवीच कशाला? मी आता अळी फांदीवरच ठेवते आणि फांदीला जुन्या मच्छरदाणीची पिशवी घालून दोन्ही तोंडं नाडीनं बांधते. पाला ताजा, हवा मोकळी, बुलबुलाची चोच लागत नाही. पाला संपला की पिशवी पुढच्या फांदीवर. घरातच हवं असेल तर खोका मोठा घ्या, एका बाजूला जाळी लावा, आत खरबरीत काटक्या तिरप्या उभ्या करा, तळाचं वर्तमानपत्र रोज बदला.

तुमच्या अळ्या लिंबू फुलपाखराच्या असाव्यात. लिंबावर आणि कढीपत्त्यावर ती हमखास सापडतात. लहानपणी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट आणि मध्ये पांढरा पट्टा. शेवटची कात टाकली की हिरवीगार. काडीनं हळूच टोचलं तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं काढते, आणि त्याला असा उग्र वास येतो की मुलं खूश होतात. एकदाच करा, सारखं नको. कोष करायच्या आधी ती पातळ शी करते आणि सैरावैरा फिरते. आजारी पडली म्हणून पुष्कळजण याच वेळी तिला हलवतात. हलवू नका. एक जागा धरून ती शेपटाकडचं टोक रेशमानं चिकटवते आणि पाठीमागून धाग्याचा एक फास घेते, माडावर चढणारा माणूस कमरेला दोर घेतो तसा. मग दिवसभर गप्प. कोष साधारण आठ-दहा दिवसांचा. आदल्या दिवशी तो गडद होतो आणि सालीतून पंखांची नक्षी दिसायला लागते. त्या दिवशी मुलाला पहाटे उठवा. निघाल्यावर फुलपाखरू मातकट पाण्याचे थेंब टाकतं. ते रक्त नव्हे, कोषात साठलेला मळ.

आता गेटवरच्या कोषाचं. मुलाला सांगा, त्यात तुमची काही चूक नव्हती. त्या माश्या म्हणजे गांधीलमाशीच्या चिमुकल्या नातलग. अळीचा नुकता कोष झालेला असतो, साल अजून मऊ असते, तेवढ्यात यांची आई येऊन आत अंडी घालते. तुम्ही कोष आणला तेव्हा आतला पाहुणा आधीच जेवायला बसलेला होता. कोषाला पडलेलं बारीक भोक भिंगातून बघा. आमच्या हरिपूरकडच्या हळदीवर एक अळी पानाची पुरचुंडी करून आत बसते. तिच्यावरही अशा माश्या टपून असतात आणि शेतकऱ्याला त्यांचा फायदाच होतो. मुलगा लगेच हसणार नाही. पण माशी आपल्या पिलांसाठीच हे करते, हे कळलं की तो निदान प्रश्न विचारायला लागेल.

आणि कास? नको. साताऱ्याहून पंचवीस किलोमीटर, उंची बाराशे मीटरच्या आसपास, वर पावसात वारा असा की माणूस तिरपा चालतो. कातळावर कढीपत्ता कुठून मिळणार? २०१२ पासून ते पठार जागतिक वारसा आहे, म्हणून आपलं फुलपाखरूही तिथं वारसदार होत नाही. त्याचं झाड तुमच्या दारात आहे. पाऊस थांबून ऊन पडलं की सकाळी कढीपत्त्याशेजारी बरणी उघडा आणि बाजूला व्हा. मादी असेल तर आठवडाभरात कोवळ्या पानावर पिवळसर मोहरीएवढं अंडं शोधायला मुलाला लावा. पुन्हा हा उद्योग करायचा तर तिथूनच सुरू करा, दोनच अळ्या घेऊन. रानातून दिसेल ती अळी मात्र उचलू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं काही फुलपाखरांनाही संरक्षण आहे.

प्रश्न : ओळखीच्या एकाने मुलांसाठी पाठीवर चांदण्या असलेलं कासव आणून दिलंय. पाळावं की कृष्णेत सोडावं?
– पलूस

उत्तर : दोन्ही नको. ते तारा कासव, ते घरात ठेवणं गुन्हा आहे. आणि ते जमिनीवरचं. नदीत सोडलंत तर बुडून मरेल. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर आजच फोन करा.

प्रश्न : पहिल्या पावसानंतर मुलींनी मखमली लाल मृगाचे किडे काडेपेटीत भरून आणलेत. काय खायला घालू?
– शिराळा

उत्तर : काही नाही. पाय मोजायला सांगा. आठ भरतील, म्हणजे कोळ्याच्या गोतातला, कीटक नव्हेच. तो वाळवीसारखे बारीक जीव खातो, तांदूळ नाही आणि गवतही नाही. वर दिसतो तेही पावसानंतरचे थोडेच दिवस. तेवढ्यात त्याला खाणं, जोडीदार आणि अंडी घालायला ओली माती, सगळं उरकायचं असतं. तळहातावर एकदा चालवू द्या, आणि काडेपेटी जिथं भरली तिथंच, ऊन चढायच्या आत, रिकामी करायला लावा.